सेवा : शिक्षा नव्हे, शिक्षण

दर वर्षी वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांच्या याद्या लागू लागल्या, की बंधपत्राचा जुनाच वाद नव्याने डोके वर काढतो. शासन म्हणते, जनतेच्या पैशाने शिकलात, आता काही काळ जनतेची सेवा करा. विद्यार्थी म्हणतात, जेथे औषध नाही, उपकरण नाही आणि राहावयास धड खोलीही नाही, तेथे जाऊन आम्ही करावे तरी काय? चार दिवस उभय पक्षांची पत्रके निघतात, एखादे शिष्टमंडळ मंत्रालयाच्या पायऱ्या चढते आणि उतरते, आणि मग पुढील वर्षापर्यंत सारे काही शांत होते. शांत होत नाही ते फक्त त्या माणसाचे दुखणे, ज्याच्या नावाने हा सारा वाद चाललेला असतो. तो शहापूरच्या पाड्यावर असतो, धारणीच्या कोरकू वस्तीत असतो, भामरागडच्या रानात असतो. आणि मंत्रालयापासून तासाभराच्या अंतरावर, गोवंडीच्या झोपड्यांतही असतो. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर सत्तेच्या उलाढालींचा मान पहिला, अशी रीत आहे. आज ती रीत मोडून आम्ही ही जागा त्या माणसासाठी आणि त्याच्याकडे जाऊ शकणाऱ्या तरुणांसाठी घेत आहोत.

'शिक्षा' हा शब्द मोठा विलक्षण आहे. संस्कृतात त्याचा अर्थ शिकणे, विद्या घेणे. वेदांगांत पहिले नाव शिक्षेचेच. मराठीत मात्र तो शब्द छडी घेऊन उभा राहिला. आपल्या राज्यकारभारात खेड्याची नेमणूक ही नेहमी मराठी अर्थाने शिक्षा ठरली आहे. अधिकारी नावडता झाला, की पाठवा त्याला गडचिरोलीला. शिक्षक डोईजड झाला, की धाडा त्याला अक्कलकुव्याला. अशा हवेत वाढलेल्या तरुणाला आपण सांगतो, की तुझी पदवी हाती पडावी यासाठी एक वर्ष खेड्यात काढ, नाहीतर दंड भर. त्याने त्याकडे दंड म्हणूनच पाहिले, तर दोष एकट्या त्याचा कसा? या दंडाचे आकडेही आपल्या राज्यात ठरविले गेले होते : एमबीबीएसला १० लाख रुपये, पदव्युत्तर पदवीला ५० लाख, अतिविशेष शाखांना दोन कोटी. ज्या सेवेचे मोल दंडाच्या रकमेने ठरते, ती सेवा श्रीमंताला विकत चुकविता येते आणि गरिबाच्या मुलाच्या वाट्याला वेठ म्हणून येते. बंधपत्र सर्वस्वी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. जनतेच्या पैशाचे ऋण फेडलेच पाहिजे. परंतु ऋण फेडणारा माणूस आणि शिकावयास गेलेला माणूस यांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते. पहिला दिवस मोजतो, दुसरा माणसे पाहतो. आपणांस दुसऱ्याची गरज आहे.

हा विचार काही आज कोणाच्या डोक्यातून निघालेला नाही. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, हिंदुस्थानच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आपल्याकडे रुजली ती त्या अहवालातून. त्याच अहवालात असेही म्हटले होते, की वैद्यकाच्या विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे, म्हणजे तो 'सामाजिक वैद्य' होईल. केंद्रे उभी राहिली. सामाजिक वैद्य मात्र कागदावरच राहिला. पुढे १९६९ हे गांधी-जन्मशताब्दीचे वर्ष आले. त्या वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली, आणि विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घ्यावे, तेथे जाऊन राहावे, घरोघर फिरावे, अशी परंपरा तेथे पाडली. त्याच वर्षी देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास सेवा, हा तिचा नियम. पदवीच्या वर्गातील लक्षावधी मुलांनी तिच्या शिबिरांत कुदळी उचलल्या. पण विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात गेला, म्हणजे ज्या वयात त्याच्या अंगी खरोखर काही विद्या येते त्या वयात गेला, की सेवेचा आणि त्याचा संबंध बहुधा सुटतो. हाती केवळ कुदळ होती तेव्हा आपण त्याला गावात नेले. हाती शास्त्र आले तेव्हा त्याला ग्रंथालयात कोंडले.

अलीकडे या बाबतीत काही पावले पडली आहेत, त्यांचे श्रेय ज्याचे त्याला दिले पाहिजे. सप्टेंबर २०२० मध्ये निघालेल्या अधिसूचनेने वैद्यकाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे आवश्यक ठरविले. पदवीच्या विद्यार्थ्यांनी खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या प्रकृतीची विचारपूस ठेवावी, असा उपक्रमही अभ्यासक्रमात आला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. तथापि जिल्हा रुग्णालय झाले तरी ते रुग्णालयच. तेथे येतो तो रुग्ण, ज्याच्याजवळ गाडीभाडे असते, सोबत यावयास माणूस असतो, आणि आपले दुखणे हे दुखणे आहे याची जाणीव असते. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नसते तो घरातच राहतो. आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न नेमका त्या घरात असतो.

त्या घरापर्यंत जो गेला त्याला काय दिसले, याचे दाखले महाराष्ट्राला बाहेरून आणावे लागत नाहीत. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेडला गेले आणि गावानेच निवडून दिलेल्या, बहुतेक निरक्षर, अशा बायांना त्यांनी आरोग्याचे धडे दिले. त्या कामाला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्काराचा मान मिळाला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे आणि पोरे तडफडून मरत होती आणि पाठ्यपुस्तकात त्यावर नेमका इलाज नव्हता. या तरुण डॉक्टराने रुग्णाच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकाने ती निरीक्षणे छापली. आणि पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे औषध विंचूदंशावर जीव वाचविणारे ठरले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीला गेले. त्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ आठ टक्के होत्या. १९८९ साली हे प्रसिद्ध झाले. १९९९ साली त्यांनी दाखवून दिले, की गावातील बाईलाच नवजात बालकाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले, तर ३९ खेड्यांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी खाली येते. २०११ पासून तीच पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांच्या हाती आली.

या दाखल्यांतून काय निष्पन्न होते? ही माणसे असामान्य होती, असे म्हणून त्यांना मखरात बसविणे सोपे आहे. मखर हे अनुकरण टाळण्याचे आपले आवडते साधन आहे. खरा बोध निराळा आहे. विंचवाच्या विषाचे कोडे बिरवाडीत सुटले, कारण ते बिरवाडीत होते. सहाशे पन्नास स्त्रियांचे मूक दुखणे गडचिरोलीत कळले, कारण तेथे कोणी तरी प्रथमच विचारले. म्हणजे खेडे हे ज्ञान वाटण्याचे ठिकाण आहे, तितकेच ते ज्ञान मिळविण्याचे ठिकाण आहे. हे ज्याला उमगले त्याला खेड्यात पाठविण्यासाठी बंधपत्राची गरज उरत नाही.

म्हणूनच आमचे म्हणणे असे, की महाराष्ट्रातील विद्यापीठांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी लोकारोग्य-सेवेच्या अधिछात्रवृत्त्या सुरू कराव्यात. इंग्रजीत जिला फेलोशिप म्हणतात ती ही वृत्ती. तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, ती मिळाल्याचा अभिमान वाटतो, आणि ती मिळालेला विद्यार्थी आपला अभ्यास न सोडता सेवा करतो. याचा एक नमुना जगात आहे. धर्मशास्त्र आणि संगीत या दोन्हींत नाव मिळविलेले अल्बर्ट श्वाइट्झर तिशीत वैद्यक शिकू लागले आणि १९१३ मध्ये आफ्रिकेतील लांबारेने येथे जाऊन त्यांनी रुग्णालय उभारले. १९५२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्या रुग्णालयाला साहाय्य करण्यासाठी १९४० मध्ये अमेरिकेत एक संस्था निघाली. १९७९ पासून ती वैद्यकाचे विद्यार्थी लांबारेनेला पाठवू लागली. पुढे १९९० नंतर तिच्या चालकांच्या ध्यानी आले, की आफ्रिकेला जाण्याची गरज नाही, लांबारेने आपल्या बोस्टन शहरातही आहे. तेव्हापासून वैद्यक, परिचर्या, दंतवैद्यक, कायदा, समाजकार्य अशा निरनिराळ्या शाखांचे पदव्युत्तर विद्यार्थी वर्षभरात सुमारे २०० तास आपल्याच शहरातील वंचित वस्तीत काम करू लागले. प्रत्येकाला विद्यापीठातील एक आणि वस्तीतील एक असे दोन मार्गदर्शक, आणि सर्वांनी मिळून नियमाने बैठकीस बसावयाचे, असा तो शिरस्ता. श्वाइट्झर यांच्या वृत्तीत आफ्रिकी माणसाविषयी वडीलकीचा तोरा होता, अशी टीका पुढील पिढ्यांनी केली, आणि ती अनाठायी नव्हती. ती टीका विसरून नमुना घेऊ नये, टीकेसकट घ्यावा.

वर्षाला २०० तास म्हणजे आठवड्याला जेमतेम चार तास. राष्ट्रीय सेवा योजना विशीच्या आतील मुलाकडून १२० तास मागते. त्याहून फारसे अधिक आम्ही मागत नाही. मुंबईचा विद्यार्थी शनिवारी गोवंडीला जाऊ शकतो, नागपूरचा विद्यार्थी सुट्ट्यांचे सहा आठवडे मेळघाटात काढू शकतो. हिशेबही करून पाहू. राज्यातील ३६ जिल्ह्यांत प्रत्येकी पाच अधिछात्र धरले, तर १८० होतात. प्रत्येकाला प्रवास, निवास आणि मानधन मिळून वर्षाला ६० हजार रुपये दिले, तर खर्च १ कोटी ८ लाख रुपये. अतिविशेष शाखेच्या एका विद्यार्थ्याला जो दंड ठरविला होता, त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक अशी ही रक्कम आहे. इतक्या पैशात ३६ हजार तासांची शिकलेली सेवा मिळते. राज्याच्या अफाट गरजेपुढे ती थेंबासारखी आहे, हे आम्ही जाणतो. पण या १८० जणांपैकी पंधरा-वीस जरी आयुष्यभरासाठी या कामाकडे वळले, तरी त्यांचे मोल तासांत मोजता येणार नाही.

या वृत्त्या केवळ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी नसाव्यात, असा आमचा आग्रह आहे. आजार शरीरात दिसतो, पण त्याची मुळे पुष्कळदा अन्यत्र असतात. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची जन आरोग्य योजना आहे. पण कागदपत्रांच्या चक्रात अडकलेल्या रुग्णाला त्यातून सोडविण्याचे काम कायद्याचा विद्यार्थी डॉक्टरापेक्षा चांगले करील. दूषित पाण्याचा उगम अभियांत्रिकीचा विद्यार्थी शोधील. अर्भकमृत्यूंची नोंद गावात कोठे गळते, हे संख्याशास्त्राचा विद्यार्थी पाहील. आणि कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या आईला 'जंतू' हा शब्द कसा समजवावा, हा प्रश्न तर भाषेच्या विद्यार्थ्याचाच आहे. त्याने त्या बोलीतील शरीराचे आणि दुखण्याचे शब्द गोळा करून आशा ताईच्या आणि डॉक्टराच्या हाती दिले, तर ते काम एखाद्या प्रबंधाहून कमी मोलाचे होणार नाही. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून आहे, आणि जुनी सर्वसाधारण विद्यापीठे तर आहेतच. यांनी एकत्र बसून एक योजना आखणे अशक्य का असावे?

आक्षेप येतील, आणि काही रास्तही असतील. पहिला आक्षेप असा, की शासन या तरुणांच्या आड रिक्त पदे लपवील. ही भीती खरी आहे. म्हणून नियम स्पष्ट हवा : अधिछात्र कोणत्याही रिक्त जागेवर नेमला जाणार नाही, परिचारिकेचे, आरोग्यसेविकेचे अथवा वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम त्याच्या गळ्यात मारले जाणार नाही. दुसरा आक्षेप असा, की शिकाऊ पोरे गरिबांच्या घरांची प्रयोगशाळा करतील. मोजमापे घेतील, छायाचित्रे काढतील आणि निघून जातील. हाही खरा. यावर उपाय म्हणजे एकाच वस्तीशी निदान पाच वर्षांचा करार करावा. एका वर्षीचा अधिछात्र निघाला की दुसऱ्याने त्याची वही पुढे चालवावी. काम कोणते, हे विद्यापीठाने ठरवू नये. ते गावाने, तेथील आशा कार्यकर्तीने आणि अंगणवाडीच्या बाईने सांगावे. वर्षअखेरीचा अहवाल आधी ग्रामसभेत किंवा वस्तीच्या बैठकीत मराठीत वाचला जावा आणि मगच तो इंग्रजी पोशाख चढवून परिषदांना जावा. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना जो अहवाल वाचून दाखविता येत नाही, तो लिहिण्याजोगा नसतो.

तिसरा आक्षेप मुलींच्या सुरक्षिततेचा आहे, आणि तो आईबापांच्या मनातला आहे. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परगावच्या कामासाठी दोघी-दोघींनी जावे, निवासाची सोय आधी पाहून मगच नेमणूक व्हावी, गावातील मार्गदर्शक जबाबदार असावा. मात्र सुरक्षिततेचे निमित्त करून मुलींना वगळले, तर त्या स्त्रियांशी बोलणार कोण, ज्यांच्या दुखण्यावर शतकानुशतके कोणी बोललेच नाही? चौथा आक्षेप योजनांच्या आयुष्याविषयी आहे. २०१५ साली निघालेली मुख्यमंत्र्यांच्या नावाची फेलोशिप मध्यंतरी बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, हे सर्वांनी पाहिले आहे. सिंहासने बदलली की ज्या योजना झोपी जातात, त्यांवर गावाने विश्वास कसा ठेवावा? म्हणून या अधिछात्रवृत्त्या कोणा पुढाऱ्याच्या नावाने नकोत आणि एखाद्या खात्याच्या मर्जीवरही नकोत. त्या विद्यापीठांच्या कायम निधीतून, उद्योगांच्या आणि दानशूरांच्या साहाय्याने चालाव्यात. मुंबई-पुण्यात विद्येसाठी थैल्या मोकळ्या करणाऱ्यांची परंपरा काही आटलेली नाही.

पदव्युत्तर अभ्यासाचे काय होईल, असे काही प्राध्यापक विचारतील. काही वर्षे हाती खडू धरलेल्या माणसाच्या नात्याने आम्ही इतकेच सांगतो, की वर्गात ज्याच्या मनात प्रश्न उठत नाही त्याला आपण पाठांतर शिकवितो. आणि प्रश्न उठावयाचे तर त्याने कोठे तरी अडखळावे लागते. वर्षभर वस्तीत अडखळून आलेला विद्यार्थी वर्गात आला, की शिक्षकाचीही परीक्षा होते. ती होऊ द्यावी. या कामाला श्रेयांक द्यावेत. पण गुणांच्या आमिषाने ते कोणी करील इतके गुण मात्र देऊ नयेत.

आता दोन शब्द आमच्या वाचकांशी. ज्या घरांत हे पत्र सकाळी पोहोचते, त्यांतील पुष्कळ घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी पदव्युत्तर वर्गात आहे. त्या मुलाने उद्या म्हटले, की मी वर्षभर शनिवारी झोपडवस्तीत जाणार आहे, तर आपण काय म्हणू? "आधी पायावर उभा राहा, मग समाजसेवा कर," हेच ना? हे वाक्य मायेपोटी निघते, हे आम्ही जाणतो. परंतु पायावर उभा राहिलेला माणूस मग पुढे कर्जाचे हप्ते फेडतो, घर घेतो, मुलांच्या शाळा शोधतो, आणि ते 'मग' आयुष्यात बहुधा उगवतच नाही. सेवा हे निवृत्तीनंतरचे व्रत नव्हे. १८९७ मध्ये पुण्यावर प्लेगचे संकट कोसळले, तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी रुग्णांची शुश्रूषा केली, आणि त्याच कामात १० मार्च रोजी सावित्रीबाईंना प्लेगने गाठले. त्यांची नावे आपण विद्यापीठांना आणि योजनांना देतो. विद्यापीठाने त्या नावाला शोभेल असे एक काम करावे, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही.

विद्यापीठांच्या कुलगुरूंना आमची विनंती आहे, की पुढील शैक्षणिक वर्षाची वाट पाहू नका. मोठी योजना होईल तेव्हा होवो. प्रत्येक विद्यापीठाने यंदा पाच विद्यार्थी आणि एक वस्ती एवढ्याने आरंभ करावा. शासनाने त्यात ढवळाढवळ करू नये आणि वाटेत अडथळाही आणू नये. आरोग्य केंद्रांची आणि अंगणवाड्यांची दारे या विद्यार्थ्यांना उघडी असतील एवढे एक परिपत्रक त्याने काढावे. आणि बंधपत्राने बांधलेल्या डॉक्टरांसाठी निवासाची, औषधांची आणि वेळेवर वेतनाची सोय करण्याचे शासनाचे कर्तव्य तर या योजनेने तिळमात्र कमी होत नाही. पाच विद्यार्थ्यांची नावे जाहीर झाली, की ती छापण्यासाठी आमच्या पहिल्या पानावर जागा राखून ठेवण्यास आम्ही तयार आहोत.